पिल्लं बाहेर न्यायचा दिवस

त्यांना काकू म्हटलेलं चालत नसे. मावशी, बाई, मॅडम, काहीच चालत नसे. पहिल्या दिवशी मी सवयीनं "काकू, नमस्कार" म्हटलं, तर त्या जाळीच्या दारापलीकडूनच म्हणाल्या, "मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही. डॉक्टर म्हण."

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले होते. गुडगाव तेव्हा गुडगावच होतं. सेक्टरांचे आकडे पाट्यांवर आले होते, पण पाट्यांच्या मागे अजून मोहरी डोलत होती. मधूनच एखादा बंगला, विटांचे ढीग, पाण्याचा टँकर, आणि लांबवर काचेची एकच उंच इमारत. त्या इमारतीत मला नोकरी लागली होती. परदेशी विमा कंपन्यांचे कागद आम्ही इथे बसून कॉम्प्युटरवर चढवायचो. मिरजेहून आल्यावर मी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात वडिलांच्या ओळखीच्या एका सरकारी कुटुंबाकडे उतरले होते. तिथून रोज बसनं ये-जा करून जीव मेटाकुटीला यायचा. त्यांनीच हा पत्ता दिला आणि म्हणाले, "मराठी आहेत, एकट्याच राहतात. पण जरा... तू बघ बाई."

डॉक्टरांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे न बघता माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

"गार आहेत. पिल्लू धरायच्या आधी चोळून ऊन करत जा. खोली गच्चीवर आहे, उन्हाळ्यात तापते. कधी येतेस?"

मी कोण, कुठली, पगार किती, घरी कोण कोण, यांतलं काही विचारलं नाही. पिल्लू म्हणजे काय हेही मला कळायला पुढच्या खोलीत जावं लागलं.

त्या काळात नव्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत रंगीत टीव्ही आणि गुबगुबीत सोफे आलेले होते. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात पत्र्याचं एक मोठं गोल कुंपण होतं. आत भाताच्या तुसाचा जाड थर, वरून टिनच्या टोपीखाली लोंबणारे बल्ब, आणि त्या पिवळ्या उजेडात चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं. यालाच त्या ब्रूडर म्हणत. आईविना उबवलेल्या पिल्लांना आईच्या पंखाखालची ऊब द्यायची जागा. बसायला वेताचे दोन बुटके मोडे होते, तेही पाहुण्यांनी ब्रूडरकडे तोंड करून बसावं असे मांडलेले. भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस, आणि त्याच्या शेजारी कोंबड्यांच्या जातींचा रंगीत तक्ता.

त्या मूळच्या नगरच्या. मिशनच्या शाळेत शिकल्या, पुढे पशुवैद्य झाल्या, आणि दिल्लीत मोठ्या सरकारी खात्यात लागल्या. कुक्कुटपालन हा त्यांचा विषय. पण फार्मवर नेमणूक मागितली की वरचे लोक म्हणत, तिथे बाईमाणसाची सोय नाही. मग सगळी नोकरी टेबलाशी गेली. "सरकारनं मला कोंबड्यांवर टिपणं लिहायला ठेवलं," त्या म्हणत, "कोंबडी दाखवली नाही." त्यामुळे निवृत्त झाल्यावर गुडगावात प्लॉट घेतला आणि सर्वांत आधी मागच्या अंगणातली पाणथळ जागा भरून घेतली ती कोंबड्यांसाठी. घर मागाहून.

उंच, काटक बाई. घोट्याच्या वर नेसलेली सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि साडीवर निळा विटका कोट. कोटाच्या खिशांत थर्मामीटर, सुतळी, खडूचे तुकडे. बाजारातही त्या तशाच जात. भाजीवाल्याशी त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं असे. "भैया, ये कोथिंबीर मरा हुआ है, तुमको दिखता नहीं क्या?" सगळी नोकरी दिल्लीत काढूनही त्यांच्या हिंदीत भाजी, कोंबडी, वीज सगळे पुरुष होते.

विजेशी तर त्यांचा वेगळाच व्यवहार होता. रोज सकाळी त्या सबस्टेशनला फोन लावत. वीज गेलेली असो वा नसो. असली तर म्हणत, "नमस्कार. बिजली आया है. धन्यवाद," आणि फोन ठेवून देत. मला हसू यायचं. एकदा विचारलंच, "डॉक्टर, रोज कशाला?" तर म्हणाल्या, "शिव्या द्यायला सगळी कॉलनी फोन करते. मग ते फोन काढून ठेवतात. माझा फोन ते उचलतात."

ते खरं होतं. जानेवारीत दाट धुक्याच्या एका सकाळी वीज गेली, तेव्हा सबस्टेशनचा लाइनमन सायकल मारत दारात आला. मफलरमधून वाफ सोडत म्हणाला, "डॉक्टर साहब, केबल जल गया है. दोपहर तक नहीं आएगी. आपके बच्चों का कुछ कर लीजिए." बच्चे म्हणजे पिल्लं. अंड्यातून निघून त्यांना फार दिवस झाले नव्हते. उबेशिवाय दुपार त्यांनी बघितली नसती. डॉक्टरांनी घरातली सगळी मडकी, लोटे, माझी गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा काढली. मी गॅसवर पाणी उकळत राहिले, त्या मडकी गोणपाटात गुंडाळून ब्रूडरमध्ये ठेवत राहिल्या. पिल्लं मडक्यांना चिकटून बसली, की कोळशाच्या शेगडीभोवती बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी दिसत. मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही, आणि का नाही गेले हे साहेबांना सांगितल्यावर त्यांनी मला दोनदा परत सांगायला लावलं.

पिल्लांच्या बाबतीत डॉक्टरांचा विश्वास फक्त पिल्लांवर होता. खिशात थर्मामीटर असे, पण त्याचं त्या शेवटी ऐकत. "थर्मामीटर खोटं बोलेल. पिल्लू खोटं बोलत नाही." बल्बखाली गोळा होऊन केविलवाणं ओरडली, की गार पडतंय. कडेला पळून चोची उघडून धापा टाकू लागली, की फार तापलंय. सगळीकडे पसरून आपापल्या उद्योगात असली, की ठीक. दाराबाहेरून नुसत्या आवाजावरून त्या हे सांगत, आणि पुढे पुढे मलाही ते कळायला लागलं. ब्रूडर गोल का, हेही त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "भ्यायली की पिल्लं कोपऱ्यात धावतात. एकमेकांवर चढतात. खालची गुदमरून मरतात. कोपरा म्हणजे मरण. गोलाला कोपरा नसतो."

पंख फुटू लागले तशी त्या ऊब कमी करत गेल्या. आधी एक बल्ब काढला, मग दुसरा. मग दिवसा खिडकी उघडी. खिडकी उघडली की त्या स्वतःही शाल काढून पिल्लांसमोर मोड्यावर बसत. फेब्रुवारीतला दिल्लीचा वारा अंगावर घेत, हात मांडीवर ठेवून, शाळेच्या फोटोला बसल्यासारख्या. "त्यांना जे सोसायला लावायचं ते आधी मला कळायला नको?" मी सर्दीचं औषध आणून दिलं, तर ते त्यांनी हुंगून पाहिलं आणि कुठल्या कंपनीचं कोंबड्यांचं औषध याच्यापेक्षा बरं आहे ते सांगितलं.

बाहेरचं खुराडं आम्ही दोघींनी मिळून उभं केलं. लाकूड माझ्या ऑफिसातलं. तिथे परदेशातून कॉम्प्युटर येत ते पाइनच्या खोक्यांतून, आणि खोकी मागच्या आवारात पडून राहत. ती मिळवायला मी पहिल्यांदा साहेबांच्या केबिनमध्ये कुणी न बोलावता गेले. त्यामुळे आमच्या कोंबड्यांच्या घरावर इंग्रजी अक्षरं होती, वर तोंड केलेले बाण होते आणि नाजूक माल म्हणून काचेच्या पेल्याचं चित्र होतं. एका सुताराला बोलावून झोपायची पेटी करून घेतली, आणि तिच्यापुढे मोकळं फिरायला जाळीचं अंगण. बारीक जाळी वीतभर जमिनीत पुरली, कारण मुंगूस खालून उकरून येतं आणि मोहरीतून कोल्हेही येत. माझ्या तळहातांना फोड आले. डॉक्टरांनी त्यांना मलम लावलं आणि म्हणाल्या, "आता हे हात कामाचे."

एका शनिवारी सकाळी अण्णा दारात उभे राहिले. माझे वडील. मिरजेच्या शाळेत हेडमास्तर. पांढरा सदरा, काळी छत्री, हातात पिशवी. येणार असल्याचं कळवलं नव्हतं. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या परिचितांनी त्यांना काय काय सांगितलं होतं: मी एका विक्षिप्त बाईकडे राहते, आजूबाजूला रान आहे, ऑफिसची गाडी मोठ्या रस्त्यावरच सोडते आणि मी तिथून चालत येते. शिवाय सांगलीचं एक स्थळ आलं होतं. अण्णांच्या खिशात सोमवारच्या गाडीची दोन तिकिटं होती.

"झालं तेवढं पुरे झालं," ते मला म्हणाले. "राजीनामा पोस्टानं पाठवता येतो. उद्या सामान बांध."

मी अण्णांपुढे कधीच बोललेली नव्हते. आमच्या घरात कुणीच बोलत नसे. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "उद्या तिला वेळ नाही. उद्या पिल्लं बाहेर जायची आहेत."

अण्णांनी पिल्लांकडे पाहिलं, बल्बच्या रिकाम्या टोप्यांकडे पाहिलं, क्रुसाकडे पाहिलं. "पिल्लांचा आणि हिचा काय संबंध?"

"नवी जागा, नवी हवा. निदान हात तरी ओळखीचे हवेत. हात तिचे आहेत. तुम्हीही या. एक माणूस कमीच पडतंय."

रविवारी ऊन छान पडलं होतं, वारा नव्हता. डॉक्टरांनी मुद्दाम सकाळ निवडली होती, म्हणजे पिल्लांना पाणी कुठे, दाणे कुठे हे शोधायला सगळा दिवस मिळतो. अण्णा माझी ट्रंक बांधायला म्हणून लक्ष्मीबाई नगरातून आले. डॉक्टरांनी त्यांना दारातच बुटांसकट चुन्याच्या पाण्याच्या घमेल्यात उभं केलं, बाहेरचा रोग आत नको म्हणून. हेडमास्तर निमूटपणे उभे राहिले. मग त्यांच्या हातात त्यांचीच छत्री उघडून दिली आणि अंगणात नेमलं, घारी आल्या तर हाकलायला.

आधी ब्रूडरमधलीच पाण्याची भांडी आणि दाण्याची ताटं बाहेर मांडली, म्हणजे काहीतरी ओळखीचं दिसावं. मग मी टोपलीत पिल्लं घेऊन, वर फडकं टाकून, फेऱ्या सुरू केल्या. पिल्लं म्हणायचं, पण आता ती लांबट पायांची, अर्ध्या पिसांची, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसारखी बेंगरूळ झाली होती. जाळीच्या अंगणात सोडली तशी जागच्या जागी थिजली. पायांखाली तूस नव्हतं, माती होती. एकानं मान तिरकी करून आभाळाकडे पाहिलं. बराच वेळ कुणी हललं नाही. मग एकानं मातीत चोच मारली आणि काहीतरी गिळलं, आणि झालं, सगळी उकरायला लागली. डॉक्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. नोकरीतल्या सगळ्या टिपणांची भरपाई त्या एका सकाळी चालली होती.

आणि विमान आलं.

विमानतळ जवळच. विमानं रोजच जायची. पण दिवाणखान्यात पिल्लांना आवाज भिंतींतून ऐकू यायचा, सावली कधी अंगावर आली नव्हती. हे अगदी खालून गेलं. अंगणावरून सावली सरकली आणि त्या गडगडाटात सगळी पिल्लं एकदम किंचाळत जाळीच्या कोपऱ्यात घुसली. एकावर एक, एकावर एक. बघता बघता पिसांचा ढीग झाला, आणि वरची अजून चढतच होती.

"कोपरे!" डॉक्टर ओरडल्या. झोपायच्या पेटीत आम्ही कोपऱ्यांना वाकवलेले पुठ्ठे लावले होते, अंगणात लावायचे राहिले होते. त्या धावल्या, पण जाळीचं दार गुडघ्यापर्यंतचं, आणि त्यांचा गुडघा वाकत नव्हता.

मी रांगत आत गेले. ढिगाच्या वरून नाही, खालून हात घालायचा, हे डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं होतं. हाताला लागतील ती दोन-दोन, तीन-तीन काढून मागे सोडत गेले. ती परत धावून येत होती, म्हणून मी कोपऱ्याला पाठ लावून बसले आणि माझ्याच अंगानं कोपरा बुजवला. तोंडानं ब्रूडरपाशी दाणे टाकताना करायचे तोच आवाज करत होते. तळाशी दोन निपचित पडलेली. एक तशीच गेली. दुसरं मी ओंजळीत धरून छातीशी चोळत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळा उघडला आणि माझ्या हातावर शिटलं.

जाळीपलीकडे अण्णा छत्री धरून उभे होते.

"अण्णा, पुठ्ठा द्या," मी म्हटलं. "तो भिंतीपाशी आहे. असा नाही, वाकवून. अजून. आता सुतळी."

अण्णांनी पुठ्ठा वाकवून दिला. सुतळी तोडून दिली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कामं सांगत होते आणि आम्हा दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. चारी कोपरे गोल झाले तेव्हा माझ्या केसांत माती आणि शीट होती.

डॉक्टर म्हणाल्या, "कोपरे राहिले ही माझी चूक. आता पुढे काय करायचं?"

मला वाटलं त्या स्वतःलाच विचारताहेत. त्या मला विचारत होत्या.

"विमानं तर थांबणार नाहीत," मी म्हटलं. "सवय होईपर्यंत मी आत बसते."

"बस मग," त्या म्हणाल्या. "मला कणीक मळायची आहे." आणि मागे वळूनही न बघता घरात निघून गेल्या.

मी सबंध दिवस खुराड्यात बसून काढला. अण्णांनी मोडा आणून बाहेर मांडला आणि छत्रीखाली बसले. विमान येताना दिसलं की ते आधीच "आलं!" म्हणून सांगत. दुसऱ्या विमानाला पिल्लं माझ्याकडे धावली. नंतरच्यांना नुसती दबकली. दुपार कलली तेव्हा एक विमान डोक्यावरून गेलं आणि एकानंही चोच वर केली नाही. अण्णा मोड्यावरून अर्धवट उठले, जाळीला डोळा लावून बघत राहिले, आणि म्हणाले, "वा!" शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला ते एवढंच म्हणत. घरात मी तो शब्द कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी पिल्लांना पेटीत जायचं कळेना. ती दिवाणखान्याच्या खिडकीच्या बाजूला जाळीपाशी गोळा झाली, जुन्या घराकडे तोंड करून. एकेक उचलून पेटीत ठेवायचं होतं. अण्णाही बाह्या सरसावून लागले. त्यांच्या हातून ते काम भटजीनं नैवेद्य दाखवावा तसं चाललं होतं, पण चाललं होतं. शेवटचं पिल्लू आत गेल्यावर मी पेटीचं दार लावलं आणि तिथेच म्हटलं, "अण्णा, मी उद्या येणार नाही. मला इथे राहायचंय."

अण्णांनी हात धुतले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तुमचं काय मत आहे?"

"मला विचारू नका," डॉक्टर म्हणाल्या. "मी कोंबड्यांची डॉक्टर आहे. जेवायला बसा."

सोमवारी मी अण्णांना पोहोचवायला स्टेशनवर गेले. डब्यात समोर बसलेल्या एका पंजाबी गृहस्थांनी रिकाम्या जागेकडे बोट करून विचारलं, "कोई और आ रहा है जी?" अण्णांचं हिंदी बेताचं. पण ते अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा, बक्षीस समारंभातल्या आवाजात म्हणाले, "नहीं. मेरी लड़की यहाँ गुडगाव में काम पर है. उसको जिम्मेदारी है."

त्या पिल्लांच्या तलंगा, म्हणजे वयात आलेल्या कोंबड्या, झाल्या, आणि पावसाळा ओसरत आला तेव्हा त्यांतली पहिली अंड्यावर आली. पहिलं अंडं लहान असतं, लिंबाहून थोडं मोठं. मी गणपतीला घरी निघाले होते. डॉक्टरांनी ते अंडं तुसानं भरलेल्या डब्यात बसवलं. "जाड बाजू वर राहू दे. तुझ्या वडिलांना दे. त्यांनी काम केलंय."

आमच्या घरात अंडं शिजत नसे. सणाच्या दिवसांत तर ते उंबऱ्याच्या आत येणंही कठीण. पण अण्णांनी डबा उघडला, अंडं उजेडाकडे धरून पाहिलं आणि बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात, काचेमागे वाटीत ठेवलं. गणपतीला येणाऱ्या प्रत्येकाला ते मखराआधी कपाटाकडे नेत. "हे दिल्लीकडचं. हिनं स्वतः वाढवलेल्या कोंबडीचं. विमानाखाली!" लोक गोंधळून माझ्याकडे बघत. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, हे वास मारायला लागेल, कोण सांगणार त्यांना?" कुणीच सांगितलं नाही. मी निघाले तेव्हाही ते तिथेच होतं.

परत आल्यावर मी ही हकिगत मोठ्या हौसेनं डॉक्टरांना सांगितली. वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा काढला आणि त्या भडकल्याच.

"कपाटात? अंडं खायला असतं! कौतुकच करायचं होतं, तर मुलगी आहे ना त्यांना!"

त्या रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी अण्णांना फोन केला आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. मग अण्णा खाकरले.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.